चाळीतलं जुनं लाकूड प्रदर्शनात मांडण्याआधी

तुमचा प्रश्न असा: लालबागच्या चाळीतलं घर पुनर्विकासासाठी रिकामं केलं. हाती आलं ते आजीचं फडताळ, वेत फाटलेल्या दोन खुर्च्या, खिडक्यांच्या सहा झिलमिली (आडव्या तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडपं) आणि गॅलरीच्या कठड्याच्या वीसेक कातीव दांड्या. त्यात भंगारातून आणखी थोडं सामान घालून वस्तू बनवायच्या आणि दिवाळीआधीच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा. काय बनवू, लाकूड कसं ओळखू, पॉलिश कोणतं करू आणि किंमत काय लावू, असं तुम्ही विचारलंय.

जोगेश्वरीच्या एका गाळ्यात मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. सुरुवात फडताळापासून करते, कारण तुम्ही ते 'कापून चार शेल्फ होतील' असं लिहिलंय आणि ते वाचून मला राहवलं नाही. कापू नका. जे उभं राहू शकतं ते आधी दुरुस्त करायचं. दुरुस्त होण्यापलीकडे गेलं असेल तरच त्याचे तुकडे करायचे. फडताळाचं एक दार निसटलंय आणि पाठीमागची फळी कुजलीय, एवढंच तुम्ही सांगताय. ही दोन दिवसांची दुरुस्ती आहे. मोडकी खुर्ची, सुटी खिडकी, एकटी दांडी हा आपला कच्चा माल. चालती वस्तू हा कच्चा माल नव्हे.

हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी उतरत्या झाकणाचं एक शिसवी डेस्क मिळालं होतं, पेढीवर मुनीम मांडी घालून ज्याच्यापुढे बसायचे तसलं. पाय नव्हते, झाकण चिरलेलं. मी त्याचे ट्रे करायला घेतले. तळाच्या फळीवर रंधा अर्धा फिरल्यावर आमचे मिस्त्री म्हणाले, "ताई, थांबा." फळीच्या आतल्या बाजूला शाईनं मोडीत काहीतरी लिहिलेलं होतं. उरलेल्या दोन ओळी एका जाणकारांनी वाचून दिल्या. कुणाला किती मण काय दिलं, त्याचा तो हिशेब होता. वरच्या ओळी माझ्या रंध्याच्या सालीत गेल्या. ट्रे पहिल्याच दिवशी विकले गेले, पण त्या सालीचा ढीग अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून कुठलीही जुनी वस्तू हातात आली की आधी उलटी करून टॉर्चच्या उजेडात तळ, खणांच्या मागच्या बाजू आणि दारांच्या कडा बघते. सुतारांच्या खुणा सापडतात, दुकानाच्या चिठ्ठ्या सापडतात, कधी मुलांची उंची मोजलेल्या रेघा असतात. फोटो काढून ठेवा. ती जागा नव्या वस्तूत जशीच्या तशी राहील अशी आखणी करता आली तर फारच चांगलं.

इथेच कायद्याचंही सांगून टाकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. चाळीच्या साध्या खिडकीची काळजी करू नका. पण एखादा कोरीव खांब, देवळाचा किंवा वाड्याचा वाटावा असा तुकडा भंगारात दिसला, तर त्याला करवत लावण्याआधी जाणकाराला दाखवा. शिसवाचंही एक आहे. शिसवाची सगळी प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. एखाद्या परदेशी पाहुण्यानं मोठी शिसवी वस्तू कुरिअरनं पाठवा म्हटलं, तर पैसे घेण्याआधी नियम तपासा.

आता लाकूड. चाळीतल्या खिडक्या, दारं आणि कठडे बहुतेक सागवानाचे निघतात. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्या बर्म्याच्या सागवानाच्या व्यापारात होत्या, आणि आपल्याकडचे जुने लोक चांगल्या लाकडाला अजून 'बर्मा टीक' म्हणतात ते उगाच नाही. हे लाकूड किती टिकतं त्याचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देते. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं एच.एम.एस. त्रिंकोमाली हे सागवानी जहाज आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. त्यापुढे तुमच्या खिडकीचं वय काहीच नाही.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, रंग पॉलिशवाला देतो. आतली, कुणाला न दिसणारी कड पटाशीनं नखाएवढी सोला. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी रंग दिसेल, बोटाला मेणचट लागेल आणि चामड्यासारखा वास येईल. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. शिसव जांभळट काळपट आणि हाताला चांगलंच जड, सागवानापेक्षा सव्वापट तरी. फणस पिवळा असतो आणि उन्हानं तांबूस होत जातो. कोकणातल्या घरांतून उतरलेल्या मालात फणस, ऐन, किंजळ भेटतात. ऐन कठीण असतो, हत्याराला फार त्रास देतो. फडताळांच्या पाठीला आणि खणांच्या तळाला बहुतेक वेळा आंबा किंवा खोक्याचं लाकूड वापरलेलं असतं, त्यात जीव नसतो. आणि सनमायका लावलेलं प्लायवूडचं काही कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. त्यातून परत मिळण्यासारखं फक्त बिजागऱ्या आणि मुठी.

सागवानातही पांढरट पट्टा असतो, तो झाडाच्या सालीजवळचा भाग. वाळवी गाभ्याच्या सागवानाला सहसा लागत नाही, पण या पांढऱ्या पट्ट्याला खुशाल लागते. तो कापून काढा.

वाळवीपेक्षा मी जास्त घाबरते ती भुगा पाडणाऱ्या किडीला. काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या इराणी हॉटेलातल्या चार खुर्च्या घेतल्या, वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या, गोल पाठीच्या. या घडणीची मूळ खुर्ची युरोपातल्या थोनेट या फर्निचरवाल्यांनी १८५९ मध्ये बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती उभी राहते. हे कळलं तेव्हापासून मला त्या खुर्चीबद्दल फार आदर वाटतो. पण त्या बीच नावाच्या युरोपातल्या लाकडाच्या असतात आणि बीच किडीला गोड लागतं. मी खुर्च्या सरळ गाळ्यात इतर मालाशेजारी ठेवल्या. महिन्यानं पायाखाली मैद्यासारखा भुगा पडलेला दिसला. पावसाळा संपेपर्यंत आंब्याच्या फळ्यांचा अख्खा थर पोखरला गेला होता. आता बाहेरून आलेला प्रत्येक नग तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात काळ्या कागदावर उभा राहतो. कागदावर ताजा, फिकट भुगा पडला म्हणजे आत जीव आहे. मग प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईनं किडीचं औषध भरायचं, वस्तू प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायची आणि महिनाभर हात लावायचा नाही. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, अळी लाकडाच्या पोटात असते. तुमच्या वेताच्या खुर्च्या आजच कागदावर उभ्या करा.

झिलमिलींबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात हिरव्या तेलरंगाचे थरावर थर दिसतात, खाली कुठे निळा, कुठे पांढरा. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि तुमचे थर तर दोन पिढ्यांचे आहेत. म्हणून यांना कोरडा पॉलिश पेपर लावायचा नाही, ग्राइंडर तर अजिबात नाही, आणि ज्योतीनं रंग जाळायचाही नाही. ती धूळ किंवा धूर पोटात गेला तर लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. घरात लहान मूल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे काम घरात करूच नका. मोकळ्या जागी, खाली प्लास्टिक अंथरून, रबरी हातमोजे आणि चांगला मास्क घालून रंग काढायचं रसायन लावा, रंग फुगला की खरवडा आणि उरलेलं पाणी लावून वॉटर पेपरनं घासा. खरवड ओली असतानाच पिशवीत बांधा. अंगातले कपडे वेगळे धुवा. एका झिलमिलीला अख्खा दिवस जातो. पट्ट्यांच्या बेचक्यात हात जात नाही, तिथे बांबूची चोय (पातळ चिरलेली पट्टी) तासून घ्या, लोखंडी पातं लाकूड ओरबाडतं.

अशा लाकडाचा पोळपाट, चकल्या मांडायचा ट्रे किंवा मुलांचं खेळणं करू नका. रंग गेलेला दिसला तरी नाही.

सांधे उघडण्यावर मी जरा थांबते, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त माल इथेच फोडतो. फडताळाचं निसटलेलं दार घ्या. चौकटीच्या आडव्या पट्टीला पुढे जीभ काढलेली असते, तिला कुसू म्हणतात. ते उभ्या पट्टीच्या भोकात बसतं आणि दोन्हींतून आरपार बांबूची खुंटी मारलेली असते. खुंटी एका बाजूला किंचित निमुळती असते. दाराच्या दोन्ही बाजू नीट बघा, जिथे खुंटीचं तोंड लहान दिसेल तिथून ठोकायचं, म्हणजे ती आली त्याच वाटेनं बाहेर जाते. उलट्या बाजूनं ठोकली तर पट्टी चिरते. ठोकायला लोखंडी हातोडी नको, लाकडी मोगरी घ्या आणि खुंटीवर पितळी खिळ्याचं बूड टेकवा. खुंटी निघाली तरी सांधा हलत नसेल तर आत सरस आहे. जुने सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस गरम करून लावायचे, आणि त्याचा मोठा गुण असा की तो परत सोडवता येतो. जाड सुती फडकं गरम पाण्यात पिळून सांध्याभोवती गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा गरम फडकं. सरस मऊ होऊन बोटाला चिकट लागायला लागतो. नाहीच सुटला तर सांध्याच्या फटीत सुईनं दोन थेंब स्पिरिट सोडा. स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतं, तो ठिसूळ होतो आणि मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत 'टक' असा आवाज येऊन सांधा उघडतो. तो आवाज ऐकला की मला दिवस चांगला गेल्यासारखा वाटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं जोडलेलं काहीही न मोडता आपल्या हातात सुटं आलेलं असतं.

सुटं झाल्याबरोबर प्रत्येक तुकड्यावर खडूनं खूण करा. उजवं, डावं, वर, खाली. जुने सांधे एकेकाला तासून बसवलेले असतात, ते एकमेकांत बदलून चालत नाहीत.

परत जोडताना फेव्हिकॉल चालेल, पण सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या दोन्ही तोंडांवर आधी थिनरचं फडकं फिरवा आणि पाच-दहा मिनिटांत चिकटवा. नाहीतर वर्षभरानं सांधा हसतो, म्हणजे उघडतो. आणि करवत लावण्याआधी लाकडावरून लोहचुंबक फिरवा. जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधला की पुरतो. लपलेला खिळा लागला की दोरी वाकडी होते. पितळी स्क्रू मात्र चुंबकाला सापडत नाहीत, त्यासाठी डोळे आणि बोटं.

बनवायचं काय? मुंबईत गिऱ्हाईक वस्तू आवडली म्हणून थांबतं आणि 'ठेवू कुठे, नेऊ कशी' म्हणून निघून जातं. माझं साधं माप असं: एका हातात धरून संध्याकाळच्या लोकलमध्ये चढता आलं पाहिजे. दोन फुटांपेक्षा लांब नको, पाच किलोपेक्षा जड नको. मोठी वस्तू स्टॉलवर एकच ठेवा, लोकांना थांबवण्यापुरती. तुमचं फडताळ दुरुस्त करून तिथे उभं करा, वर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावा. काम दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

तुमच्या मालातली खरी दौलत म्हणजे कठड्याच्या दांड्या. फोटोवरून त्या मधोमध फुगीर आणि दोन्हीकडे सारख्या कातलेल्या दिसतात. अशी दांडी बरोबर मध्यावर कापली की दोन एकसारखे पाय मिळतात. वीस दांड्यांचे चाळीस पाय, म्हणजे दहा चौरंग. दिवाळीच्या तोंडावर मराठी घरात चौरंगाला मागणी असतेच. लक्ष्मीपूजनाला लागतो, पुढे सत्यनारायणाला, पुढच्या भाद्रपदात गणपतीला. पंधरा बाय पंधरा इंचांची बैठक, नऊ इंच उंची. वरच्या फळीसाठी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून दाराची एखादी मोडकी झडप घ्या. तिथे पाच दुकानं फिरल्याशिवाय पहिल्या दुकानात भाव बोलू नका. चोरबाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुना माल मांडला जातो. पितळी कड्या, कोयंडे, खणांच्या मुठी तिथे चांगल्या मिळतात. लाकूड मात्र अंधारात घेऊ नका.

झिलमिलींतल्या दोन-तीन अख्ख्या ठेवा. भिंतीवर लावायला, पट्ट्यांच्या फटींत पत्रं, बिलं, चष्मा अडकवायला त्या फार छान होतात, खाली किल्ल्यांसाठी चार पितळी आकडे लावायचे. उरलेल्यांच्या चौकटीत आरसा बसतो. पट्ट्या सुट्या करून त्यांचे चहाचे कोस्टर करावेत असं वाटेल, पण ते करू नका. झिलमिलीची गंमत पट्ट्या एका ओळीत असण्यात आहे.

आणि कृपा करून या लाकडावर खडूसारखा मॅट पांढरा रंग मारून ते मुद्दाम झिजवल्यासारखं करू नका. हल्ली प्रदर्शनांत ते खूप दिसतं. ज्या लाकडाला ऐंशी-नव्वद वर्षं हात लागून झळाळी आलीय, त्याच्यावर रंग चढवून खोटी झीज काढायची हे मला बघवत नाही. कठड्याच्या दांडीवर जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात टेकले तिथलं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं. तिथे पेपर मारूच नका. पितळही चिंचेनं घासून लखलखीत करू नका, साबणाच्या पाण्यानं मळ काढला की बास.

लाकूड मरून शंभर वर्षं झाली तरी हलतं, हे चौरंग करताना लक्षात ठेवा. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मी जुलैत एका नागपूरच्या बाईंना जेवणाचं टेबल करून दिलं होतं, वरची फळी चारही बाजूंनी स्क्रूनं घट्ट आवळलेली. मे महिन्यात त्यांचा फोन आला, फळी लांबीनं चिरली होती, नाणं जाईल एवढी फट. मुंबईच्या पावसात फुगलेलं लाकूड विदर्भाच्या उन्हात आकसायला जागा शोधत होतं आणि मी ती ठेवली नव्हती. टेबल परत आणून मी पदरच्या खर्चानं नवी फळी घातली. म्हणून खालच्या पट्टीत स्क्रूचं भोक गोल पाडू नका, रुंदीच्या दिशेनं लांबट पाडा. स्क्रू त्यात सरकतो आणि फळी शाबूत राहते.

आता जून चालू आहे, म्हणून पॉलिशचं वेळापत्रक महत्त्वाचं. जुन्या लाकडाला मला चपडा लाखेचं पॉलिशच आवडतं. सुरुवातीला दीडशे ग्रॅम चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळा, आणि सुती कपड्यात बांधलेल्या कापसाच्या बोळ्यानं पातळ हात मारत जा. एका वेळी जाड थर देण्यापेक्षा आठ-दहा पातळ हात चांगले. पण हे काम भर पावसाळ्यात केलंत तर हवेतली ओल पॉलिशमध्ये अडकते आणि वर दुधासारखा पांढरा ढग येतो. त्यामुळे जून ते ऑगस्ट फक्त सोडवणं, साफ करणं, कापणं, जोडणं आणि घासणं. ८० नंबरचा पेपर फक्त गरज असेल तिथे, मग १२०, १८०, २२०, नेहमी रेषांच्या दिशेनं. पॉलिश सप्टेंबरच्या अखेरीपासून, ऊन पडेल त्या दिवशी, सकाळी दहानंतर. ऑक्टोबरचा उकाडा आपल्याला त्रास देतो, पॉलिशला मात्र मानवतो.

लाखेवर गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. ट्रे किंवा चहाचं स्टूल असेल तर मी अळशीचं तेल आणि मेण वापरते. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. वापरलं की पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. गाळ्यात लाकडाचा भुसा असतो, त्यामुळे या बाबतीत हयगय नको.

किंमत. बहुतेकजण इथे स्वतःला फसवतात, कारण लाकूड 'फुकट' मिळालेलं असतं. ते फुकट नाही. समजा चौरंगाला फळीचे ५०० रुपये, स्क्रू, पेपर, पॉलिशचे २५०. तुमचे नऊ तास, तासाला १५० धरले तर १,३५०. जागा आणि विजेचे २००. झाले २,३००. आता समजा स्टॉलचं तीन दिवसांचं भाडं १२,००० आणि टेम्पो, जेवणखाण, मदतनीस मिळून ४,०००. तिथे एकूण ४० वस्तू विकल्या जातील असा अंदाज असेल तर प्रत्येकीवर ४०० चढतात. म्हणजे २,७०० ला विकला तर तुम्हाला फक्त मजुरी मिळाली. ३,२०० ते ३,५०० च्या खाली चौरंग देऊ नका. 'एवढा महाग?' असं कुणी म्हटलं तर वाद न घालता चौरंग उलटा करून दांडीचा मध्यावरचा काप आणि लांबट भोकं दाखवा. निम्मी माणसं ते बघून घेतात, निम्मी जातात, आणि ते ठीक आहे. पण ३०० ते ८०० च्या दरम्यानची पंधरावीस छोटी सामानं ठेवा, किल्ल्यांचे आकडे, दिव्याच्या बैठका, पुस्तकांचे टेकू. स्टॉलचं भाडं बहुतेक वेळा त्यातूनच निघतं.

प्रत्येक वस्तूला हातानं लिहिलेली चिठ्ठी बांधा. लाकूड कोणतं, आधी काय होतं, कुठून आलं, आणि नवं काय घातलं. 'पाय: लालबागच्या चाळीच्या कठड्याच्या दांड्या. वरची फळी: जुन्या दाराचं सागवान. स्क्रू नवे.' एवढं पुरे. 'ॲन्टिक' हा शब्द लिहू नका, वयाचा आकडा माहीत नसेल तर टाकू नका. शक्य असेल तर चाळीच्या गॅलरीचा कठडा जागेवर असतानाचा एक फोटो मोठा करून स्टॉलच्या मागे लावा. माझ्या अनुभवात लोक त्या फोटोपुढे थांबतात आणि आपापल्या चाळींची नावं सांगायला लागतात.

स्टॉल दिवाळीच्या प्रदर्शनासाठी जुलैतच नक्की करा, भाडं आणि जागा दोन्ही बरं मिळतं. दारातला कोपरा मिळाला तर जास्त पैसे द्या, आतल्या रांगेतला मधला गाळा स्वस्त मिळाला तरी नको. काळा घोडा महोत्सवाचा विचार पहिल्या वर्षी नको. नऊ दिवस सलग माल पुरवावा लागतो, निवडही बरीच आधी होते. एक हंगाम पार पडू दे, हातात साठा आणि हिशेब दोन्ही येऊ दे.

राहिल्या वेताच्या दोन खुर्च्या. त्या विकू नका असं मी सांगणार नाही, पण चौकटी मजबूत असतील तर वेत पुन्हा विणून घ्या. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या वर्षानुवर्षं अंध कारागीर विणत आले आहेत, बोटांनी भोकं मोजत, आणि त्यांच्या हातच्या विणीची सर मला यंत्राच्या विणीत दिसत नाही. प्लास्टिकच्या जाळीनं स्वस्तात काम होईल, पण खुर्ची गेली म्हणून समजा. चौकटीच्या कडेनं जी भोकं आहेत, त्यांतल्या एकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि चारही बाजूंची भोकं मोजून लिहून पाठवा. त्यावरून वेताची चोय किती रुंदीची लागेल ते सांगते. तोवर खुर्च्या काळ्या कागदावरून हलवू नका.